जेवणाच्या डब्यातला चौथा चोक

मी एक चोक आहे. जुना म्हणवून घ्यायला माझं वय जरा कमीच पडतं, कारण मला अजून पुरती तीन वर्षंही झालेली नाहीत. पण मित्रांनो, माझ्या किमतीच्या चोकाने इतके दिवस काढणं म्हणजे तुमच्याकडे कुणी शंभरी गाठण्यासारखं आहे. माझा सत्कार झालेला नाही. होईल असं वाटतही नाही.

चोक म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. ट्यूबलाइट लागली की सगळे ट्यूबकडे बघतात आणि लागली नाही की चोकाला नावं ठेवतात. ट्यूबला वीज सरळ दिली तर ती अधाशासारखी ओढून घेईल आणि क्षणात संपेल. तिला आधी धक्का देऊन उठवायचं आणि मग आयुष्यभर मोजून-मापून वाढायचं, हे माझं काम. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं. ते सगळ्यांना उठवतं, सगळ्यांच्या ताटावर लक्ष ठेवतं आणि फोटो काढायच्या वेळी स्वयंपाकघरात असतं.

माझे पूर्वज तांब्याच्या तारेचे होते. वजनाने भारी, गरम डोक्याचे आणि दिवसभर गुणगुणणारे. मी इलेक्ट्रॉनिक आहे. हलका, स्वस्त आणि अबोल. हल्लीच्या काळाला शोभेल असा.

माझा जन्म सणसवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे माया नावाची बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत चोकांचे पाय सांधत बसायची. मला सांधून झाल्यावर तिने क्षणभर हातात धरलं आणि शेजारच्या बाकावरच्या बाईला विचारलं, “ह्यो कुणाच्या घरी जाईल गं?”

ती बाई बिहारकडची होती. मान वर न करता म्हणाली, “जहाँ अंधेरा होगा.”

एवढं भविष्य मला पुरेसं वाटलं. पुढे ते जरा जास्तच खरं ठरलं.

तिथून मी दौंडला मारुतरावांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आलो. दुकानात आमच्यासाठी तीन फळ्या होत्या. वरच्या फळीवर दोन वर्षांच्या गॅरंटीचे चोक बसत. मधल्या फळीवर सहा महिन्यांचे. खालच्या फळीवर आम्ही. आमची गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत होती.

एका सोमवारी दुकानात एक उंच, वाळकेसे गृहस्थ आले. पांढरा सदरा, खिशाला पेन. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि काउंटरवर उलगडला. रुमालात माझाच एक भाऊ होता. काळाठिक्कर पडलेला.

“जय भीम, मारुतराव.”

“जय भीम, आनंदराव. गेला का तिसरा?”

“गेला.”

“लावून किती दिवस झालं?”

“पाच आठवडं.”

मारुतरावांनी माझ्या भावाला नाकाजवळ नेलं आणि लांब धरलं. “आनंदराव, खरं सांगा. तुम्ही चोक लावता का भाजून खाता?”

“हलका माल द्यायचा आन् वर गिऱ्हाइकाला बोलायचं.”

“मग वरच्या फळीवरचा घ्या की.”

“माझी पेन्शन कुठल्या फळीवर बसती ते तुम्हाला ठाव हाय.”

“बरं, मग चोकाचा नादच सोडा. एलईडीची पट्टी देतो. ना चोक, ना कटकट.”

“नको. एलईडीखाली साहेब आजारी दिसतोय.”

मारुतरावांनी पुढे काही विचारलं नाही. साहेब कोण हे त्यांना माहीत असावं. आनंदरावांनी मग खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचून दाखवली. ट्यूब दोन फुटी. अठरा वॉट. एकच ट्यूब. चोकावर अठराच लिहिलेलं पाहिजे, छत्तीस चालणार नाही. दोन ट्यूबचा चोक एका ट्यूबला जोडायला सांगू नये.

“आमचा वायरमन बी एवढं इचारत न्हाई,” मारुतराव म्हणाले.

“गुरुवारच्या आत लागला पायजे.”

खालच्या फळीवरून माझी निवड झाली. मित्रांनो, मी खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. इतक्या बारकाईने पारखून नेलेला स्वस्त चोक तुम्ही पाहिला नसेल. त्या रुमालाचा विचार मी मुद्दाम टाळला.

आनंदराव दौंडला दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी भाग्यश्री लग्न होऊन शिरूरला गेली होती आणि तिकडच्याच एका कंपनीत पॅनल जोडायच्या लाइनवर सुपरवायझर होती. बाहेरच्या खोलीत टेबलावर अडीच फुटांची काचेची पेटी होती. ती भाग्यश्रीने कॉलेजात असताना हौसेने आणलेली. सासरी जागा नव्हती, म्हणून जाताना ती म्हणाली होती, “आप्पा, मासे सांभाळा.” तेव्हा मासे अकरा होते. आता एक उरला होता. तळहाताएवढा, लाल, फुगीर गालांचा. आनंदराव त्याला साहेब म्हणत.

“दिवसभर काचंमागं फेऱ्या मारतोय,” ते शेजारच्या कुशाबाईंना सांगायचे, “आन् काम काडीचं करत न्हाई. मग साहेब न्हाई तर काय म्हणायचं?”

या साहेबाचं एक मोठं काम होतं, ते त्याला स्वतःला माहीत नव्हतं. भाग्यश्रीच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असे. दर गुरुवारी पाच वाजता ती व्हिडिओ कॉल करायची. आनंदराव फोन तुरडाळीच्या डब्याला टेकवून पेटीसमोर ठेवायचे आणि स्वतः बाजूला उभे राहायचे. मग बापलेक साहेबाबद्दल बोलायचे. साहेब खातो का, पाणी कधी बदललं, शेपटीला काय झालं. वीस-वीस मिनिटं चालायचं. दोघांनाही दुसरं काही बोलता यायचं नाही असं नाही, पण सुरुवात करायला मासा लागायचा. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यासमोर शेजारच्यांची भिंत. ट्यूब बंद असली की पेटीत नुसता अंधार दिसायचा. मग “काहीच दिसत नाही आप्पा, बरं, ठेवते,” एवढ्यावर तो आठवडा संपायचा.

भाग्यश्रीने पेटीसोबत आणलेली गुलाबीसर ट्यूब अजून शाबूत होती. कच खात होते ते आम्ही चोक.

का, ते मला त्याच संध्याकाळी कळलं.

आनंदरावांनी अठ्ठावीस वर्षं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत काढली होती. त्यांच्या खात्यातल्या हवेत रसायनांची वाफ असे, आणि ती वाफ ठिणगीची वाटच बघत असे. म्हणून तिथला प्रत्येक दिवा, प्रत्येक बटण जाड लोखंडी पेटीत बंद होतं. वायर आत जाते तिथेसुद्धा सुईएवढी फट ठेवायची नाही. माणूस एवढी वर्षं एका पद्धतीने जगला की ती पद्धत निवृत्त होत नाही. पेटीवरच्या टोपणात पहिला चोक तांब्याचा होता. तो दहा वर्षं चालला आणि शेवटी पाण्याच्या वाफेने गंजून गेला. त्यानंतर आनंदरावांनी ठरवलं, की यापुढे वाफ आत जाणार नाही आणि ठिणगी बाहेर येणार नाही.

त्यांनी आपला ड्युटीचा स्टीलचा जेवणाचा डबा घेतला. मला आत ठेवलं. वायरी एका भोकातून बाहेर काढल्या, ते भोक सीलचा लगदा मळून बुजवलं. झाकणाला रबरी वायसर लावला, झाकण दाबलं, कडेने पुन्हा सील फिरवलं. अंगठ्याने नीट गुळगुळीत केलं. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं. मग अंधार झाला.

डब्यात माझ्याआधीच्या तिघांचा जळका वास होता. त्याखाली अठ्ठावीस वर्षांचं लिंबाचं लोणचं होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या चोकाला वारा लागतो. काम करताना अंग तापतं, ती ऊब जायला जागा हवी. मोठ्या किमतीचा चोक थोडा जास्त तग धरतो एवढंच. माझ्या वॉटची निवड बरोबर होती. ट्यूब बरोबर होती. जोडणीत खोट काढायला जागा नव्हती. सगळं बरोबर करून आनंदरावांनी मला मारायला घेतलं होतं.

सकाळी सातला ते बटण दाबत आणि म्हणत, “चला साहेब, फस्ट शिफ्ट.” तीनला बंद करत. गुरुवारी पाचला ओव्हरटाइम. बाहेर गुलाबी उजेड पडे म्हणतात. मी तो कधी पाहिला नव्हता. मी आत अंधारात बसून तो तयार करायचो आणि बाहेरचं बोलणं ऐकायचो. बोलणं म्हणजे काय, आनंदराव एकटेच बोलायचे. पेपर मोठ्याने वाचायचे. भात जास्त झाला की साहेबाला कळवायचे. लांबून मालगाडी गेली की डबे मोजायचे आणि एकोणसाठ झाले तरी कुणाला सांगायचं हा प्रश्न उरायचा. त्या घरात आम्ही दोघं बंद होतो. फरक इतकाच, की मला सील लावलेलं होतं.

चौथ्या आठवड्यात माझ्या पोटातला वीज साठवणारा कपॅसिटर फुगायला लागला. चोकाला बोलता येत नाही. त्याला ट्यूब लुकलुकवता येते, बस. मी लुकलुकलो. जिवाच्या आकांताने लुकलुकलो.

कुशाबाई दारातून म्हणाल्या, “आप्पा, तुमचा दिवा डोळं मारतोय बघा मला.”

“ओल शिरली असंल,” आनंदराव म्हणाले.

आणि त्यांनी डब्यावर सीलचा आणखी एक थर चढवला. मी हवा मागितली होती.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी पाच वाजता फोन आला.

“आप्पा, साहेब बारीक झालाय का?”

“न्हाई गं. वळला की तसा दिसतोय.”

“खातोय ना?”

“दोन टाइम.”

“आन् तुम्ही?”

सहा वर्षांत साहेबावरून प्रश्न आनंदरावांवर पहिल्यांदाच आला असेल. आणि बरोबर त्याच क्षणी मी गेलो. माझा नाइलाज होता. पण मला आजही त्याची लाज वाटते.

“आप्पा? अंधार झाला.”

“चोक गेला वाटतं. तू थांब. थांब जरा, मी बघतो.” डब्यावर त्यांची बोटं फिरली आणि चटका बसून मागे गेली.

“राहू द्या आप्पा. पुढच्या गुरुवारी बघू. बरं, ठेवते.”

“ठेवू नको.”

हा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. भाग्यश्रीनेही ऐकला नसावा.

“काय झालं आप्पा?”

डाळीचा डबा खडखडला, त्यांनी फोन उचलला असावा. मग आनंदराव म्हणाले, “काय न्हाई. मासा दिसत नसला तरी मी हाय की हितं.”

फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली. तिच्याकडे कुणीतरी “मम्मी” अशी हाक मारत होतं. ती गेली नाही.

“नवा चोक घेऊ नका,” ती म्हणाली. “शनिवारी रजा टाकते. मी येऊन बघते.”

शिरूर ते दौंड हे अंतर एसटीने दोन तासांचं आहे. चौदा एप्रिलनंतर ती पहिल्यांदाच येत होती, आणि दसरा होऊन गेला होता. यात तिला दोष देऊ नका. आठवड्याला एक सुट्टी, त्यात कपडे, बाजार, दोन पोरं आणि सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. बाप ठीक होता. गुरुवारी मासा दिसत होता, म्हणजे बाप ठीकच होता.

शनिवारी तिने स्क्रू-ड्रायव्हरने डबा फोडला. मला उजेड दिसला आणि उजेडात तिचा चेहरा.

“आप्पा, हे काय हाय?”

“फ्लेमप्रूफ.”

“जेवणाच्या डब्यात?”

“पेटी परवडत न्हाई तसली.”

तिने मला वायरीसकट वर उचललं, उलटंपालटं केलं. “आमच्याकडं पॅनलमधी पंखा लावत्यात, आतली गरमी काढायला. तुम्ही त्याला लोणच्यासारखं भरून ठेवलंय. ह्यानं जगायचं कसं?”

“ठिणगी उडाली म्हंजी?”

“पेट घ्यायला हाय काय हितं? पाणी, एक मासा आन् तुम्ही.”

आनंदराव खुर्चीवर बसले. “आमच्या खात्यातल्या हरिबाच्या टायमाला बी असंच म्हणलं हुतं. पेट घ्यायला काय हाय म्हणून. एक जोड उघडा राहिला हुता. मी बघून बी पुढं गेलो, म्हणलं जेवून आल्यावर बुजवू.” त्यांनी फुटलेलं झाकण उलटं करून ठेवलं. “हरिबा आता डाव्या हातानं जेवतोय.”

भाग्यश्रीला ही गोष्ट माहीत नव्हती. दर गुरुवारी वीस मिनिटं बोलूनही माहीत नव्हती. ती खाली बसली आणि तिने डब्याच्या कडेचं सील नखाने काढायला सुरुवात केली. त्याची गरज नव्हती. पण हाताला काहीतरी लागतं.

मी मेलो नव्हतो. तापून एक सांधा सुटला होता, तो तिने पुन्हा सांधला. फुगलेला कपॅसिटर बदलला. तो तिने पर्समधून आणला होता. मग पेटीपासून दोन हात लांब, भिंतीवर, एका लाकडी पट्टीवर मला उघड्यावर बसवलं. सगळे जोड टेपने नीट गुंडाळले आणि एकेक जोड आनंदरावांना हात लावून बघायला दिला. त्यांनी प्रत्येक तपासला. शेवटच्यावर मान हलवली. तिने बटण दाबलं.

मित्रांनो, मी बनवलेला उजेड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गुलाबी होता. त्यात साहेब लाल दिसत होता, अगदी निरोगी आणि बिनकामाचा. आणि काचेत दोन माणसं दिसत होती, एकमेकांच्या शेजारी उभी.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी टिकलो.

एक वर्ष गेलं. मी पेटत होतो. दुसरं वर्ष गेलं. मी पेटत होतो. मारुतराव दारावरून जाताना विचारायचे, “काय आनंदराव, डाएट चालूय का? चोक खायचं सोडलं?” गुरुवारचे फोन वीस मिनिटांवरून पंधरावर आले, मग बारावर. साहेब ठीक आहे ना? ठीक आहे. दिसतोय. बरं. भाग्यश्रीला यायला कारण उरलं नाही, कारण काहीच बिघडत नव्हतं. भिंतीवर बसून मी हे सगळं बघत होतो. डब्यात असताना मला हे निदान बघावं तरी लागत नव्हतं.

परवाच्या गुरुवारी पाच वाजता फोन आला. डाळीच्या डब्याला टेकला.

“आप्पा, साहेब काय म्हणतोय?”

“फिरतोय.”

“दिसला, दिसला. मस्त दिसतोय. लाईट काय छान पडलीय! आणखी काय?”

आनंदराव पेटीच्या बाजूला उभे होते. बटण त्यांच्या खांद्याशी होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाने बटणाशी कधी खेळ केला नाही, त्याने हात वर नेला आणि बटण बंद केलं.

“आप्पा? काय झालं?”

“गेला गं परत,” आनंदराव म्हणाले. “चोक.”

मी ठणठणीत होतो. कपॅसिटर सपाट, सांधे घट्ट, अंग गार. माझ्या आयुष्यात माझ्यावर पुष्कळ आरोप झाले आणि बहुतेक खरे होते. हा साफ खोटा होता. तो मी आनंदाने अंगावर घेतला.

“असा कसा गेला?” ती म्हणाली. “जळका वास येतोय का?”

“येतोय,” आनंदराव म्हणाले. ते खोटं बोलायला नवखे होते. “लई.”

आज, शनिवारी, ती आली. पिशवी ठेवली, चप्पल काढली, सरळ माझ्याकडे आली. मला नाक लावलं. हात लावला. पाठीमागे आनंदराव साहेबाच्या पेटीची स्वच्छ काच पुसत होते. तिने बटण दाबलं. मी लागलो. काय करणार, मला दुसरं काही येत नाही. खोलीभर गुलाबी झालं आणि आनंदरावांचा फडक्याचा हात काचेवर जागच्या जागी थांबला.

तिने बटण बंद केलं.

“मोठा बिघाड हाय आप्पा,” ती म्हणाली. “आजचा दिवस जाईल. सुट्टं करून बघावं लागंल सगळं. च्या टाका.”

मित्रांनो, चोक घ्यायचा असेल तर स्वस्तही चालतो. त्यावरचा आकडा ट्यूबशी जुळवून घ्या, पाण्यापासून दोन हात लांब ठेवा आणि त्याला वारा लागू द्या, म्हणजे तो तुमची भीड ठेवील. आणि ज्या घरात उजेड नीट पडलेला दिसतो, तिथे कधीतरी विनाकारण जाऊन या. तिथल्या माणसाला बटण बंद करायची वेळ आणू नका.

सध्या मी टेबलावर आहे. माझे चारही स्क्रू काढून बशीत ठेवलेत. ती दोघं चहा पीत हरिबाबद्दल बोलतायत. मला पुन्हा जोडायची कुणाला घाई दिसत नाही, आणि माझी तक्रार नाही.